गावाकडचा मधुमेह : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आरोग्य सर्वेक्षणाच्या कामात हेच प्रश्न पुन्हापुन्हा समोर येतात. काही तपासणीला आलेल्यांचे असतात, काही गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांचे, तर काही आकड्यांचे तक्ते पुढ्यात घेऊन डोकं खाजवणाऱ्या विद्यार्थ्यांचे. प्रश्नांची भाषा जमेल तितकी त्यांचीच ठेवली आहे. वेगळं म्हटलेलं नसेल तिथे मधुमेह म्हणजे टाइप २, म्हणजे बहुधा मोठेपणी होणारा नेहमीचा प्रकार, समजावा. स्वतःच्या औषधगोळ्यांबद्दलचे प्रश्न इथे घेतलेले नाहीत, ते आपल्या डॉक्टरांनाच विचारा.

१. शेतात राबणाऱ्या माणसाला कुठून शुगर होणार? हा तर शहरातल्यांचा आजार ना?

एके काळी या म्हणण्यात तथ्य होतं आणि आजही थोडं शिल्लक आहे. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजात जगातल्या शहरी प्रौढांमध्ये मधुमेहाचं प्रमाण १२.१ टक्के होतं, ग्रामीण भागात ८.३ टक्के. म्हणजे खेडं मागे आहे, पण फार मागे नाही.

फरक कमी होत चालला आहे, कारण खेड्यातलं जगणंच बदललं. नांगरट, मळणी, पाणी भरणं, बाजाराला चालत जाणं ही कामं यंत्रांनी आणि गाड्यांनी उचलली. ताटातलं धान्य अधिकाधिक पॉलिश केलेलं आणि दळून पिठूळ झालेलं येऊ लागलं, बाटलीतली गोड पेयं शेवटच्या वस्तीपर्यंत पोचली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक विश्लेषणानुसार १९८५ ते २०१७ या काळात जगात लोकांचं उंचीच्या मानाने वजन जेवढं वाढलं, त्यातली निम्म्याहून जास्त वाढ ग्रामीण भागातली होती. ‘खेड्यातली माणसं काटक’ हे वाक्य त्यानंतर जरा जपूनच वापरायला हवं.

२. मग खेड्यांत नक्की किती जणांना आहे? एक आकडा सांगा.

एक आकडा नाही. देश, वय, तपासणीची पद्धत बदलली की तोही बदलतो. भारतापुरतं बोलायचं तर सर्वात मोठा आधार भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या इंडियाब या अभ्यासाचा. २००८ ते २०२० या काळात टप्प्याटप्प्याने २० वर्षांवरच्या १,१३,०४३ लोकांची तपासणी झाली आणि त्यातले ७९,५०६ ग्रामीण भागातले होते. २०२३ मध्ये एकत्रित निष्कर्ष आले, ते असे : देशात ११.४ टक्के, शहरांत १६.४, खेड्यांत ८.९. राज्याराज्यांतली दरी तर याहून मोठी, गोव्यात २६.४ टक्के आणि उत्तर प्रदेशात ४.८.

याच अभ्यासातला आणखी एक आकडा मला या सगळ्यांपेक्षा बोलका वाटतो. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांचं प्रमाण शहरांत १५.४ टक्के आणि खेड्यांत १५.२ टक्के निघालं. आत शिरलेले खेड्यात कमी आहेत, दाराशी उभे असलेले मात्र दोन्हीकडे सारखेच. उंबरठ्याबद्दल प्रश्न ८ पाहा.

३. कुणी म्हणतं जगात ५३ कोटींना मधुमेह आहे, कुणी म्हणतं ८२ कोटींना. कोण खोटं बोलतंय?

कुणीच नाही. ५३.७ कोटी हा आंतरराष्ट्रीय महासंघाचा २०२१ चा अंदाज, वयोगट २० ते ७९. ८२.८ कोटी हा २०२४ मध्ये आलेल्या दुसऱ्या एका जागतिक अभ्यासाचा २०२२ सालासाठीचा अंदाज, वय १८ आणि पुढे. वर्षाचा आणि वयाचा फरक किरकोळ. मुख्य फरक व्याख्येत आहे. दुसऱ्या अभ्यासाने उपाशीपोटीची साखर जास्त असलेले, एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेची तपासणी, प्रश्न ७ पाहा) जास्त असलेले आणि औषध चालू असलेले असे तिन्ही गट मोजले. उपाशीपोटीची साखर ठीक पण एचबीए१सी वाढलेली, अशी बरीच माणसं असतात, आणि एकच चाळणी लावली की ती निसटतात.

सर्वेक्षणाचा अहवाल हातात आला की टक्केवारीच्या आधी ‘पद्धत’ हा भाग वाचा. कंटाळवाणा असतो, पण आकड्याचा अर्थ तिथेच कळतो.

४. आमच्या गावात शिबिर झालं. १०० जण आले, त्यांत २५ जणांची साखर जास्त निघाली. म्हणजे गावात २५ टक्के मधुमेह?

नाही. शिबिराला कोण येतं ते आठवून पाहा. ज्याला आधीच शंका आहे तो, ज्याच्या भावाला आहे तो, ज्याला वरचेवर लघवीला जावं लागतं तो, आणि जुने रुग्ण फुकट तपासणी म्हणून. धडधाकट तरुण त्या वेळी कामावर असतो. शिवाय शिबिरात बहुधा जेवणाची वेळ न विचारता बोट टोचलेलं असतं, आणि नुकत्याच जेवलेल्या माणसाची साखर वाढलेली दिसणारच.

गावाचं प्रमाण काढायचं तर आधी सगळ्या प्रौढांची यादी हवी. त्यातून चिठ्ठ्या टाकल्यासारखी नावं निवडायची आणि निवडलेल्यांच्या घरी जायचं. ‘घरी नव्हते’ म्हणून शेजाऱ्याला धरून आणायचं नाही, पुन्हा जायचं. दिवसा गेलं की बायका आणि म्हातारी माणसंच जास्त भेटतात आणि कामासाठी बाहेरगावी गेलेले पुरुष यादीत असूनही मोजणीत येत नाहीत. अहवालात पुरुषांची संख्या संशयास्पदरीत्या कमी दिसली तर हेच झालेलं असतं.

शिबिराचा उपयोग आहेच, पण तो रुग्ण शोधण्यासाठी.

५. रक्त सकाळी उपाशीपोटीच का घेता? लोक कामाला जातात, खोळंबा होतो.

कारण उपाशीपोटीच्या साखरेची तुलना करता येते. किमान आठ तास पोटात पाण्याशिवाय काही गेलेलं नसावं. म्हणायला सोपं, पाळायला अवघड.

पहिल्याच गावात आम्ही शाळेच्या ओसरीत सहा वाजता बसलो होतो. प्रत्येकाला विचारत होतो, “काही खाल्लंत का?” सगळे म्हणत होते, “नाही.” तासाभराने एका आजींनी रक्त देता देता सहज सांगितलं की उठल्यावर कपभर चहा झालाय, साखर घालून. “अहो आजी, मघाशी नाही म्हणालात ना?” “खाल्लं का विचारलंस बाळा, चहा कुठे खातात?” चूक आमचीच होती. त्या दिवसाचे सगळे नमुने पुन्हा घ्यावे लागले. तेव्हापासून प्रश्न असा विचारतो : “रात्री झोपल्यापासून आत्तापर्यंत पाण्याशिवाय तोंडात काय काय गेलं?” याला ‘नाही’ एवढंच उत्तर देता येत नाही, माणूस आठवायला लागतो.

बोट टोचून यंत्रावर तपासताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. फळ सोललेल्या किंवा गुळासाखरेला लागलेल्या हाताची साखर थेंबात मिसळते. एकदा एका तरण्याताठ्या माणसाचा आकडा अडीचशेच्या पुढे गेला आणि बिचाऱ्याचं तोंड उतरलं. साबणाने हात धुऊन, पुसून, दुसऱ्या बोटातून थेंब घेतला तर शंभराच्या आत. शिवाय तपासणीच्या पट्ट्यांची डबी उघडी राहिली किंवा उन्हात तापलेल्या गाडीत पडून राहिली की त्या पट्ट्यांवर भरवसा ठेवू नये.

६. कितीच्या पुढे मधुमेह म्हणायचा?

शिरेतल्या रक्ताची तपासणी : उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायल्यावर दोन तासांनी २०० किंवा जास्त, अथवा एचबीए१सी ६.५ टक्के किंवा जास्त. (साखरेचे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत.) खूप तहान, वारंवार लघवी, वजन घटणं अशी लक्षणं असतील आणि कोणत्याही वेळची साखर २०० च्या पुढे असेल, तर तेवढंही पुरतं. लक्षणं नसतील तर दुसऱ्या तपासणीने खात्री केल्याशिवाय कुणालाही ‘तुम्हाला मधुमेह आहे’ असं सांगू नये.

जुने अहवाल वाचताना ध्यानात ठेवा : १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत उपाशीपोटीची सीमा १४० होती. ती १२६ वर आल्यावर कुणाचीही तब्येत एका रात्रीत बिघडली नाही, तरी कागदावरचे रुग्ण वाढले.

७. एचबीए१सीला उपाशी राहावं लागत नाही. मग सगळ्यांची तीच का करत नाही?

सोयीची आहे खरी. ती मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगते, त्यामुळे सकाळच्या चहाने फारसं बिघडत नाही. पण ही तपासणी साखर थेट मोजत नाही. तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे ते मोजते. म्हणजे पेशी जितकी जास्त दिवस जगेल तितकी साखर चिकटायला वेळ मिळेल, आणि पेशीचं आयुष्य बदललं की आकडाही बदलतो.

लोहाच्या कमतरतेमुळे रक्त कमी असेल तर एचबीए१सी खरी असते त्यापेक्षा जास्त दिसू शकते. उलट सिकलसेल आजारात किंवा पेशी लवकर फुटणाऱ्या इतर आजारांत ती फसवी कमी दिसते. नुकतंच रक्त चढवलेलं असेल किंवा बाई गरोदर असेल तरी या तपासणीवर विसंबता येत नाही. ज्या भागात बायकांमध्ये रक्तक्षय घरोघरी आहे तिथे फक्त एचबीए१सीवर सर्वेक्षण उरकलं तर बायकांमधलं प्रमाण विनाकारण फुगलेलं निघण्याचा धोका असतो. माझं मत : परवडत असेल तर सोबत हिमोग्लोबिन तपासा. ते परवडत नसेल तर उपाशीपोटीची साखर बरी, खोळंबा सोसून.

८. डॉक्टर म्हणाले, ‘बॉर्डरवर आहे.’ म्हणजे आहे की नाही?

मधुमेह नाही, पण साखर हाताळण्याची शरीराची ताकद कमी झाली आहे. ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी १४० ते १९९, किंवा उपाशीपोटीची साखर सीमेच्या जरा खाली. इथेही एक गोम आहे. जागतिक आरोग्य संघटना उपाशीपोटी ११० पासून उंबरठा धरते, अमेरिकेची मधुमेह संघटना १०० पासून. १०० ते ११० च्या दरम्यान इतकी माणसं असतात की त्याच गावातल्या ‘बॉर्डरवाल्यां’ची संख्या नुसत्या व्याख्येने कुठल्या कुठे जाते.

उंबरठ्यावरचा प्रत्येक जण आत जातोच असं नाही. काही तिथेच राहतात, काही मागे फिरतात. मागे फिरण्याबद्दल प्रश्न १८ पाहा.

९. जोखीम घटक म्हणजेच आजाराचं कारण ना?

प्रत्येक वेळी नाही. ज्या गोष्टीसोबत आजार जास्त आढळतो तो जोखीम घटक. पिकलेले केस आणि मधुमेह एकत्र दिसतात म्हणून कलप लावून साखर उतरत नाही, दोन्हींच्या मागे वय असतं. कारण म्हणायला जास्त पुरावा लागतो. घटक आधी आणि आजार नंतर असं दिसायला हवं आणि घटक काढला की आजार कमी व्हायला हवा. एकाच वेळी केलेल्या सर्वेक्षणातून हे दिसत नाही. त्यातून कसे उलटे निष्कर्ष निघतात ते प्रश्न १७ मध्ये आहे.

१०. मला जोखीम किती आहे हे रक्त न तपासता कळेल का?

अंदाज येतो. भारतीयांसाठी चेन्नईच्या संशोधकांनी २००५ मध्ये चार प्रश्नांची गुणपद्धत तयार केली. वय : ३५ च्या आत ०, ३५ ते ४९ ला २०, ५० पासून पुढे ३०. पोटाचा घेर : बायकांचा ८० आणि पुरुषांचा ९० सेंटिमीटरच्या आत असेल तर ०, त्यापुढचे दहा सेंटिमीटर १०, त्याहून जास्त असेल तर २०. हालचाल : अंगमेहनतीचं काम आणि नियमित व्यायाम दोन्ही असेल तर ०, एकच असेल तर २०, काहीच नसेल तर ३०. आईवडील : कुणालाच नसेल तर ०, एकाला असेल तर १०, दोघांना असेल तर २०. बेरीज ६० किंवा वर गेली की जोखीम जास्त, आणि रक्त तपासायलाच हवं.

उदाहरण घ्या. बावन्न वर्षांच्या बाई, घेर ८४, दिवसभर शेतात काम पण वेगळा व्यायाम नाही, वडिलांना मधुमेह होता. ३०, १०, २० आणि १० मिळून ७०. ‘मला कसली शुगर’ म्हणणाऱ्या कितीतरी जणी या हिशेबात जोखमीच्या रांगेत येतात.

घेर मोजायची जागा मात्र चुकवू नका. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, टेप आडवा सरळ धरून. पँटचा नंबर म्हणजे पोटाचा घेर नव्हे. पोट सुटलेला माणूस पँट पोटाच्या खाली बांधतो आणि वर्षानुवर्षं चौतीसच सांगत राहतो. टेप दिसला की लोक पोट आत ओढतात, तेव्हा त्यांच्याशी दोन वाक्यं बोला, पोट आपोआप जागेवर येतं.

११. मी तर बारीक आहे, वजनही कमी. मला भीती नाही ना?

वजनकाट्याला चरबी आणि स्नायू वेगळे दिसत नाहीत. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ मध्ये स्वतःचंच उदाहरण छापलं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला दोघेही सडपातळच.

याची मुळं जन्माआधीपर्यंत जातात. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू झाला. तिथली नवजात बाळं सरासरी २.७ किलोच्या आसपास होती, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच लहान. पण ही घट स्नायूंमध्ये आणि पोटातल्या अवयवांमध्ये जास्त होती, कातडीखालच्या चरबीत त्यामानाने कमी. नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या हिवाळी दुष्काळात पोटात असलेल्या मुलांचीही पन्नाशीत तपासणी झाली, तेव्हा त्यांची साखर हाताळण्याची ताकद इतरांपेक्षा कमी निघाली. पोटातल्या बाळाला अन्न कमी पडलं की शरीर काटकसरीने बांधलं जातं. पुढे भरपूर खायला मिळालं की तीच काटकसर अंगाशी येते. जिथे एका पिढीने उपास काढले आणि पुढच्या पिढीला पोटभर मिळालं, त्या गावांत हे प्रकर्षाने दिसतं.

म्हणून दक्षिण आशियाई लोकांसाठी घेराची मर्यादा पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटर ठेवलेली आहे. अत्यंत कृश तरुणांमधल्या मधुमेहाची गोष्ट निराळी, ती प्रश्न २१ मध्ये.

१२. दिवसभर शेतात वाकून काम करतो, वर आणि व्यायाम कशाला?

काम खरोखर रोजचं आणि दम लागेल असं असेल तर वेगळ्या व्यायामाची गरज कमी. पण वर्षाचा हिशेब मांडा. पेरणी, खुरपणी, काढणीचे दिवस वेगळे आणि मधले महिने वेगळे. काम करणारा स्नायू इन्सुलिनची (पेशींत साखर शिरू देणाऱ्या, शरीरातच बनणाऱ्या द्रव्याची) फारशी वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतो, आणि या कसरतीचा असर एक-दोन दिवस टिकतो. साठवून ठेवता येत नाही. मे महिन्यात गाळलेला घाम सप्टेंबरात कामाला येत नाही. रिकाम्या महिन्यांत रोज अर्धा तास झपझप चालणं एवढं तरी हवं.

आणि ट्रॅक्टर चालवणं म्हणजे बसून केलेलं काम. अंग दुखतं, म्हणून ते मेहनतीचं ठरत नाही.

१३. गोड खाल्ल्यानेच मधुमेह होतो का?

एखाद्या गोड घासाने होत नाही. शरीराला लागते त्याहून जास्त ऊर्जा वर्षानुवर्षं मिळाली की चरबी यकृतात आणि पोटात साठते, इन्सुलिनचा असर बोथट होतो, स्वादुपिंड जास्त इन्सुलिन बनवून भरपाई करतं आणि शेवटी थकतं. ही जास्तीची ऊर्जा साखरेतून येते, तेलातून येते आणि ताटभर धान्यातूनही येते.

तरी गोड पेयांचं नाव वेगळं घ्यायला हवं. पातळ साखरेने पोट भरत नाही, त्यामुळे जेवण काही कमी होत नाही. रोज एक-दोन गोड पेयं घेणाऱ्यांमध्ये मधुमेहाची जोखीम २६ टक्क्यांनी जास्त असल्याचं २०१० च्या एका एकत्रित विश्लेषणात दिसलं. एकवीस देशांतल्या लोकांवरच्या २०२० च्या अभ्यासात दिवसाला साडेचारशे ग्रॅमपेक्षा जास्त शिजवलेला पांढरा भात खाणाऱ्यांची जोखीम १५० ग्रॅमहून कमी खाणाऱ्यांपेक्षा २० टक्क्यांनी जास्त होती, दक्षिण आशियात तर ६१ टक्क्यांनी. साखर बंद केली म्हणून ताटातला भात दुप्पट करणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

१४. आई आणि वडील दोघांनाही आहे. म्हणजे मला होणारच?

जोखीम बरीच वाढते, पण होणारच असं नाही. पिमा या आदिवासी लोकांचं उदाहरण यासाठी नेहमी दिलं जातं. मूळ एकच, एक गट अमेरिकेच्या अॅरिझोनात आणि दुसरा मेक्सिकोच्या डोंगरात अंगमेहनतीची शेती करणारा. २००६ च्या तुलनेत अॅरिझोनात प्रमाण ३८ टक्के निघालं, मेक्सिकोत ६.९ टक्के. रक्ताचं नातं तेच, जगणं वेगळं.

घरात कुणालाच नाही म्हणून निर्धास्त होणाऱ्यांना एक उलटा प्रश्न : आजोबांची साखर कुणी तपासली होती का?

१५. तंबाखू आणि मधुमेहाचा काय संबंध?

आहे. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये टाइप २ ची शक्यता न ओढणाऱ्यांपेक्षा ३० ते ४० टक्क्यांनी जास्त असते. आणि मधुमेह झाल्यावर तीच सवय पायांच्या रक्तवाहिन्यांवर उठते.

१६. गरोदरपणात साखर वाढली होती, बाळंतपणानंतर उतरली. विषय संपला ना?

संपला नाही, आणि ग्रामीण भागात सर्वात जास्त निसटणारा गट हाच. अशा बाईला पुढे टाइप २ होण्याची शक्यता इतर मातांच्या सातपटीहून जास्त असते. प्रसूतीनंतर ४ ते १२ आठवड्यांत ग्लुकोज पिऊन चाचणी करायला हवी आणि पुढे दर एक ते तीन वर्षांनी तपासणी. प्रत्यक्षात सगळ्यांचं लक्ष बाळाच्या लसींकडे असतं. माझा साधा उपाय : बाळाच्या लसीच्या कार्डावरच आईच्या साखर तपासणीची तारीख लिहून ठेवा. ते कार्ड कुणी हरवत नाही.

१७. आमच्या सर्वेक्षणात साखर कमी खाणाऱ्यांमध्येच मधुमेह जास्त निघाला. आता काय लिहू?

घाबरू नका, ही नेहमीची फसगत आहे. ज्यांना आजार कळला त्यांनी साखर सोडली. तुम्ही विचारलंत आजच्या खाण्याबद्दल आणि आजार लागला दहा वर्षांपूर्वीच्या खाण्यातून. असंच ‘रोज फिरायला जाणाऱ्यांत मधुमेह जास्त’ हेही निघतं, कारण डॉक्टरांनी फिरायला सांगितलेलं असतं.

उपाय म्हणून आधीपासून माहीत असलेले रुग्ण बाजूला काढा आणि सर्वेक्षणातच पहिल्यांदा सापडलेल्यांचं खाणं-हालचाल इतरांशी ताडून पाहा. त्यांना आजार माहीतच नव्हता, त्यामुळे त्यांनी सवयी बदललेल्या नसतात.

१८. बॉर्डरवरच्या माणसाने काही केलं तर खरंच फरक पडतो? की नुसतं सांगायचं म्हणून?

पडतो, आणि याचा पुरावा भक्कम आहे. चीनमधल्या दाचिंग शहरात १९८६ मध्ये उंबरठ्यावरच्या ५७७ लोकांवर अभ्यास सुरू झाला. काही गटांना सहा वर्षं आहाराचं, व्यायामाचं किंवा दोन्हींचं मार्गदर्शन मिळालं, एका गटाला मिळालं नाही. तीस वर्षांनी हिशेब केला तेव्हा मार्गदर्शन मिळालेल्यांचा मधुमेह सरासरी जवळपास चार वर्षांनी लांबलेला होता आणि हृदयविकाराने होणारे मृत्यूही कमी होते. अमेरिकेत २००२ मध्ये आलेल्या अभ्यासात वजनात ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचाल एवढं ध्येय ठेवलेल्यांमध्ये मधुमेहाची नवी प्रकरणं ५८ टक्क्यांनी कमी झाली, मेटफॉर्मिन गोळीने ३१ टक्क्यांनी.

सत्तर किलोच्या माणसासाठी ७ टक्के म्हणजे पाच किलोपेक्षा थोडं कमी.

१९. पाच वर्षांपूर्वी ६ टक्के होतं, आता ९. गावाची तब्येत बिघडली ना?

कदाचित. पण आधी तीन गोष्टी तपासा. एक, गाव म्हातारं झालं का? तरुण बाहेर गेले आणि वृद्ध उरले तर एकाही माणसाची सवय न बदलता टक्केवारी वाढते. म्हणून दोन वर्षांची किंवा दोन गावांची तुलना वयाचा फरक काढून टाकूनच करावी. दोन, तपासणी तीच होती का (प्रश्न ६ आणि ७)? तीन, उपचार सुधारले का? मधुमेही माणसं जास्त वर्षं जगू लागली तरी प्रमाण वाढतं आणि ती चांगली बातमी असते. आजार पसरतोय का हे पाहायचं तर दर वर्षी नव्याने किती जणांना झाला तो आकडा हवा.

शिवाय नमुना किती मोठा होता? ४०० लोक तपासून ९ टक्के आले, तर खरं प्रमाण साधारण ६ ते १२ च्या दरम्यान कुठेही असू शकतं. दोन्ही वेळा नमुना लहान असेल तर ६ आणि ९ मधला फरक निव्वळ योगायोगही असेल.

२०. कीटकनाशकांमुळे किंवा बोअरच्या पाण्यामुळे होतो का?

काही कीटकनाशकं, विशेषतः ऑर्गनोफॉस्फेट गटातली, आणि मधुमेह यांचा संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिक फार जास्त असलेल्या भागांतही असा संबंध दिसला. पण प्रश्न ९ मधली कारणाची कसोटी यांनी अजून पार केलेली नाही. फवारताना हातमोजे आणि मास्क वापरायला मात्र मधुमेहाचा पुरावा लागत नाही, विषबाधा पुरेशी आहे.

२१. पंचविशीचा मुलगा, हाडांचा सापळा, लहानपणी खायची भ्रांत. त्याला साखर चारशे! हे कुठल्या प्रकारात बसतं?

पहिला विचार टाइप १ चा, म्हणजे शरीर इन्सुलिन बनवणंच जवळपास थांबवतं त्या प्रकाराचा, करावा, कारण तो चुकला तर जिवावर बेततं. पण दीर्घ कुपोषणानंतर होणारा एक वेगळा प्रकारही आहे. शरीर इन्सुलिन कमी बनवतं, तरीही टाइप १ सारखी रक्तात आम्लं साठण्याची अवस्था सहसा येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये हा प्रकार यादीत घेतला आणि १९९९ मध्ये काढून टाकला. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने ‘टाइप ५’ या नावाने त्याला पुन्हा मान्यता दिली. अशा रुग्णांना ‘वजन कमी करा, कमी खा’ हा ठोकळेबाज सल्ला घातक ठरतो. त्यांना अन्न हवं, प्रथिनं हवीत, आणि इन्सुलिन लागलं तर जपून.

सर्वेक्षणात अशी माणसं मोजकीच भेटतात, पण भेटली तर त्यांना ‘टाइप २’ च्या रकान्यात ढकलून मोकळं होऊ नका.

२२. सर्वेक्षणात कुणाची साखर खूप जास्त निघाली तर आम्ही काय करायचं? आम्ही तर फक्त आकडे गोळा करतोय.

‘फक्त आकडे’ असं काही नसतं, रक्त दिलेल्या माणसाला त्याचा निकाल मिळालाच पाहिजे. तो त्याला एकट्याला, लिहून, त्याला समजेल अशा भाषेत द्या. ओसरीत नाव पुकारून ‘तुमची तीनशे आली बरं का’ असं ओरडून सांगितल्याचं मी पाहिलं आहे. त्या घरातली लग्नाची मुलगी दुसऱ्या दिवशी तपासणीला आलीच नाही.

साखर तीनशेच्या पुढे असेल आणि सोबत उलट्या, पोटदुखी, धाप किंवा गुंगी असेल तर त्याच दिवशी रुग्णालय. लक्षणं नसतील तर काही दिवसांत पुन्हा तपासणी. कुठे जायचं, कधी जायचं, सोबत कोणता कागद न्यायचा हे चिठ्ठीवर लिहून द्या. सर्वेक्षणाला निघण्याआधीच जवळच्या आरोग्य केंद्राशी बोलून ठेवा, म्हणजे चिठ्ठी घेऊन गेलेल्या माणसाला तिथे “कुणी पाठवलं तुम्हाला?” असं ऐकावं लागणार नाही.